अलिबाग ते रत्नागिरी सागरी रस्त्याने, स्वतःची गाडी : जेट्ट्या आणि भरती-ओहोटीचं गणित कसं बसवायचं?

माडबन

नमस्कार मंडळी. डिसेंबरात ठाण्याहून निघून अलिबाग, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोलीची किनारपट्टी, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी असं समुद्राच्या कडेकडेने जायचा विचार आहे. परत येताना सरळ महामार्ग. पाच मुक्काम, सहा दिवस. आम्ही दोघं आणि आई-बाबा, बाबांचे गुडघे दुखतात. गाडी साधी हॅचबॅक, पेट्रोल. ड्रायव्हर किंवा टूरवाला नको आहे.

प्रश्न असे :
१. वाटेतल्या खाड्या फेरीबोटीने ओलांडताना छोटी गाडी चढवायला त्रास होतो का?
२. नकाशाचं ॲप सारखं महामार्गाकडे का वळवतं?
३. रोज किती किलोमीटर धरावेत?
४. मालवणपर्यंत ताणता येईल का?

निघायचा दिवस मार्गशीर्ष वद्य द्वितीया. तिथी मुद्दाम देतोय, कारण भरती-ओहोटी त्यावर असते एवढंच ऐकून माहीत आहे.

---

खाडीपलीकडे

चौथ्याचं उत्तर आधी : नाही. सहा दिवसांत मालवण धरलंत तर गाडीतून उतरणं होणार नाही. रत्नागिरीवर थांबा.

किलोमीटर विसरा आणि तास मोजा. या रस्त्यावर सरासरी ताशी २५ ते ३० किमी पडते. गावातून जाणारा एकेरी रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, समोरून एसटी आली की कुणीतरी मागे घ्यायचं. अंतर ६० किमी दिसलं तर अडीच तास धरा, त्यात जेट्टी असेल तर वर एक तास. दिवसाला ८०-९० किमीच्या वर जाऊ नका.

अलिबाग ते रत्नागिरी चार जागी गाडी फेरीबोटीत घालावी लागते. स्थानिक लोक 'जंगल जेट्टी' म्हणतात, रस्ता विचारताना तोच शब्द वापरा.

आगरदांडा ते दिघी : राजपुरीची खाडी
बागमांडला ते वेश्वी : सावित्रीची खाडी, इथे रायगड जिल्हा संपतो
दाभोळ ते धोपावे : वाशिष्ठीची खाडी
तवसाळ ते जयगड : शास्त्रीची खाडी

प्रत्यक्ष पाण्यातला वेळ दहा ते वीस मिनिटं. वाट बघण्याचा वेळ मात्र वारावर ठरतो. शनिवारी सकाळी दक्षिणेकडे जाणाऱ्यांची आणि रविवारी दुपारी उत्तरेकडे येणाऱ्यांची रांग लागते. दोन तास सहज जातात. दाभोळची जेट्टी चुकली तर दापोली, खेड, चिपळूण करून गुहागरला यायचं, म्हणजे सव्वाशे किमीच्या आसपास वळसा. म्हणून शेवटची फेरी कितीला, हे आदल्या मुक्कामावरच विचारून ठेवा. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, जालावर जुनी वेळापत्रकं फिरत असतात.

गाडी चढवण्याबद्दल : बोटीचा पुढचा दरवाजा म्हणजेच रॅम्प. तो खाली पडतो आणि उतरत्या धक्क्यावर टेकतो. भरतीला तो जवळजवळ आडवा असतो. पूर्ण ओहोटीला बोट खाली जाते, धक्का आणि रॅम्प यांच्यात कोन होतो आणि तिथेच हॅचबॅकचा पुढचा बंपर किंवा पोट घासतं. उपाय सोपा. चालक सोडून सगळ्यांनी उतरायचं, पहिला गिअर, एका दमात चढायचं. मध्ये थांबलात तर शेवाळावर चाक फिरतं. पुढची गाडी पूर्ण आत जाईपर्यंत रॅम्पवर यायचंच नाही. काही वेळा रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात, तेव्हा आरसा सोडून बोटीवरच्या माणसाच्या हाताकडे बघा, त्याला रोजची सवय आहे. आत गेल्यावर हँडब्रेक, गिअरमध्ये, इंजिन बंद. आरसे मिटा, नाहीतर शेजारची मोटरसायकल मिटवेल. गाडीत शॉक सेन्सरचा अलार्म असेल तर तो बंद करा, बोटीच्या थरथरीने वाजत राहतो.

वरच्या बाकांकडे जाणारा जिना उभा आणि अरुंद असतो. बाबांना खालीच कठड्याशी उभं करा.

---

ॲप_नको_आजोबा_हवेत

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ॲपला सगळ्यात लवकर पोचायचं असतं, तुम्हाला तसं पोचायचं नाही. त्यामुळे 'अलिबाग ते रत्नागिरी' टाकलं की ते सरळ राष्ट्रीय महामार्ग ६६ दाखवणार. सेटिंगमधलं 'फेरी टाळा' आधी काढा. मग पूर्ण प्रवास एकदम न टाकता तुकड्यांत टाका : अलिबाग ते रेवदंडा, रेवदंडा ते मुरूड, मुरूड ते आगरदांडा जेट्टी, असे. प्रत्येक तुकड्याचं टोक म्हणजे जेट्टी किंवा पूल. ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, कारण खाडीच्या उतारांवर रेंज जाते.

सारख्या नावांचं भान ठेवा. मुरूड दोन आहेत : एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यात, दुसरं दापोलीजवळ, हर्णै आणि कर्दे यांच्या मध्ये. वेळासही दोन, एक दिवेआगरजवळ, दुसरं बाणकोटच्या पुढे मंडणगड तालुक्यात. कासवांचं ते दुसरं. हॉटेलचं बुकिंग करतानासुद्धा जिल्हा बघा. अगदी हुशार माणसं या मुरूडात पोचून त्या मुरूडची खोली शोधत असतात.

वेश्वीहून केळशीला जाताना नकाशावर किनाऱ्याने सरळ रेघ मारता येईल असं वाटतं, पण मध्ये भारजा नदी आहे. आत मांदिवलीच्या पुलावरूनच जावं लागतं. पुढे केळशी ते आंजर्ले आडे-पाडलेमार्गे या. रस्ता अरुंद आहे, पण या सगळ्या टप्प्यात पाणी इतकं जवळ दुसरीकडे क्वचित मिळतं. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल आहे, तिथे बोट लागत नाही.

सागरी महामार्गाच्या नव्या पुलांची आणि रुंदीकरणाची कामं जागोजागी आहेत. त्यामुळे एखाद्या दिवशी ॲपला माहीत नसलेलं वळण समोर येईल. तिठ्यावरच्या दुकानात विचारा. 'जेट्टी सुरू आहे का' हाही प्रश्न तिथेच विचारून टाका.

---

भांग_उधाण

तिथी दिलीत हे उत्तम केलंत, आता हिशोब मांडता येतो.

कोकणातला जुना आडाखा : तिथीची पाऊणपट करा, ती भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, भरती दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास. त्यात सव्वासहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय मुंबईपेक्षा रत्नागिरीकडे भरती थोडी लवकर लागते. म्हणून हा आडाखा दिवस आखायला वापरा. पाण्यात पाय घालण्याआधी छापील भरतीचं कोष्टक बघा आणि तिथल्या माणसाला विचारा.

दुसरी गोष्ट, पाणी किती चढतं-उतरतं. अमावस्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे : भरती खूप वर, ओहोटी खूप आत. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, तेव्हा फरक कमी.

तुमचे दिवस असे येतात :

पहिला दिवस, द्वितीया. भरती दीडला, ओहोटी पावणेआठला. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाता येतो आणि द्वितीया ते चतुर्थी हे त्यासाठी आदर्श दिवस, कारण ओहोटी सकाळची आणि उधाणाची. पण ठाण्याहून तुम्ही दहाला पोचणार, तेव्हा पाणी परत चढत असेल. त्या वेळी चालत निघू नका. जाताना घोट्यापर्यंत असलेलं पाणी परतताना मांडीपर्यंत येतं, आणि वाट खडकाळ आहे. किनाऱ्यावरून बघा आणि पुढे चला.

दुसरा दिवस, तृतीया. संध्याकाळी हरिहरेश्वरला पोचाल तेव्हा ओहोटी रात्री साडेआठची. देवळाचा खडकावरून जाणारा प्रदक्षिणामार्ग संध्याकाळी करायचा नाही.

तिसरा दिवस, चतुर्थी. ओहोटी सकाळी सव्वानऊला. आठला प्रदक्षिणा सुरू करा, नऊपर्यंत वर या. हा मार्ग खडकाच्या घळीतून पायऱ्यांनी खाली उतरतो आणि लाटांनी कापलेल्या सपाट खडकावरून वळसा घालतो. भिंतीवरची मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी ही खारा वारा आणि मिठाच्या स्फटिकांची करामत, ती बघण्यासाठी तरी जा. समुद्राकडच्या कडेला उभं राहून फोटो काढायचे नाहीत. माणसं वाहून गेली आहेत ती भरतीला आणि याच हट्टापायी. बाबांनी मंदिरातच बसावं, उतरण्याच्या पायऱ्या उंच आहेत. देवदर्शनाचा क्रम आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, परत काळभैरव.

चौथा दिवस, पंचमी. भरती दुपारी पावणेचारची, गुहागरच्या पुढच्या हेदवीला साधारण सव्वातीन-साडेतीन धरा. इथे उलटं आहे : हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची. खडकाला अरुंद भेग आहे, लाट आत घुसली की पाणी उंच उडतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल आणि एवढ्यासाठी आलो का असं म्हणाल. पंचमीला उधाण ओसरलेलं असेल, फार उंच फवाऱ्याची अपेक्षा नको. उमामहेश्वराच्या देवळाच्या बाजूने थोडं लांब उभं राहा, खडक निसरडा असतो.

पाचवा दिवस, षष्ठी. ओहोटी साडेदहाला. म्हणजे तवसाळ-जयगड सकाळी दहा-अकराला केलंत तर रॅम्पचा कोन सगळ्यात वाईट मिळेल. आठच्या आत जेट्टीवर असा किंवा मग निवांत एकनंतर जा. चौथ्या दिवशी दाभोळलाही हेच, तिथे ओहोटी दहाच्या आसपास.

---

माडबन

पाऊणपटीचं गणित आमच्या आजीच्या तोंडी होतं, अर्थ आज लागला. सगळ्यांचे आभार.

आता मुक्काम असे धरतोय : मुरूड (जंजिरा), हरिहरेश्वर, कर्दे, गुहागर, रत्नागिरी. ठीक वाटतात का? आणि जंजिऱ्यात बाबांना नेता येईल?

---

खाडीपलीकडे

गुहागरऐवजी वेळणेश्वर किंवा हेदवी घ्या. गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन आणि दुपारचं जेवण उरका, मग पालशेतवरून वेळणेश्वर, हेदवी. बामणघळीची वेळ साधते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तवसाळची जेट्टी तासाभराच्या आत. गुहागरला राहिलात तर पहाटे उठावं लागेल, आणि आई-बाबा बरोबर असताना पहाटेचे बेत कागदावरच राहतात.

जंजिरा : राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. किल्ल्याच्या दरवाजाशी हलत्या होडीतून पायरीवर पाऊल टाकावं लागतं, खलाशी हात देतात. ज्याला घरच्या जिन्यावर कठडा लागतो त्याने हे करू नये. आत बघायला मिळणारा वेळही होडीवाल्यांच्या मर्जीचा, पाऊण तासाच्या आसपास, म्हणजे कलालबांगडी तोफ आणि दोन तलाव बघून धावत परत. एकाने बाबांबरोबर राजपुरीच्या चढावर थांबावं, तिथून अख्खा किल्ला आणि खाडीचं तोंड दिसतं. निवांत कोन हवा असेल तर खरं तर तोच चांगला.

पहिल्या दिवशी रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई. पोर्तुगीज किल्ला डोंगराच्या लांबट सोंडेवर आहे, दीपगृहापर्यंत गाडी जाते आणि तिथून पायऱ्या चढून वर. खालच्या गावात पोर्तुगीजवर आधारलेली बोली अजून बोलली जाते. काशीदला गर्दी असेल तर थांबू नका, किनारे पुढे भरपूर आहेत.

दिघीला उतरल्यावर दिवेआगर ते श्रीवर्धन हा टप्पा आरावी, कोंडविलीमार्गे घ्या, आतल्या रस्त्याने नको. गाडी थांबवायला जागा बघूनच थांबवा, वळणावर नाही. श्रीवर्धन हे भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव.

---

उलटी_गंगा

थोडा वेगळा विचार मांडतो. हाच प्रवास उलटा करा. पहिल्या दिवशी महामार्गाने थेट रत्नागिरी, मग किनाऱ्याने उत्तरेकडे.

कारण साधं आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे पलीकडच्या लेनच्या पलीकडे. डावीकडे बसलेल्याला डोंगर आणि गडगे. उत्तरेकडे येताना समुद्र डाव्या हाताला, थांबायचं असेल तर समोरची लेन ओलांडावी लागत नाही. गणपतीपुळे ते रत्नागिरी किनाऱ्याच्या रस्त्यावर, आरे-वारेच्या वळणांवर, हा फरक फार जाणवतो. तिथे दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या अचानक उजवीकडे वळतात आणि समोरचा दचकतो.

तिथींचं गणितही बसतं. हेदवीला तृतीयेला पोचाल, भरती सव्वादोनची आणि उधाण पंचमीपेक्षा जास्त. हरिहरेश्वर षष्ठीच्या सकाळी, ओहोटी साडेदहाला. शेवटी मांडव्याहून भाऊच्या धक्क्यावर गाडीसकट रो-रो बोटीने तासाभरात येता येतं. गाडीची जागा आधी आरक्षित करावी लागते. ठाण्याला जायचं असेल तर हे सोयीचं आहे का ते तुम्ही बघा, मला स्वतःला अलिबागहून परतताना रस्त्यात लागणाऱ्या वडखळच्या रांगेपेक्षा बोट बरी वाटते.

---

खाडीपलीकडे

उलट्या दिशेचा मुद्दा पटतो, पण पहिल्याच दिवशी ३३० किमीच्या आसपास महामार्ग आणि त्यात माणगाव-इंदापूरची कोंडी. आई-बाबा पहिल्या संध्याकाळीच थकतील. शिवाय शेवटचा दिवस रविवार आला तर अलिबागहून परतणाऱ्या अख्ख्या मुंबईबरोबर तुम्ही. वार बघून ठरवा : शेवट आठवड्याच्या मध्ये येत असेल तर उलटी दिशा, नाहीतर सरळ.

---

दीपगृह

खाणंपिणं आणि बाकीचं राहिलंय.

घरगुती खानावळीत आयत्या वेळी जाऊन जेवण मिळत नाही. सकाळी फोन करून माणसं किती, शाकाहारी किती, मासे कुठले हे सांगून ठेवायचं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. रोख पैसे ठेवा, सुटे जास्त. जेट्टीवर, गावच्या पार्किंगच्या पावतीला, होडीला लागतात आणि रेंज नसली की मोबाईलने पैसे जात नाहीत.

पेट्रोल अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी या गावांत भरा. टाकी अर्धी झाली की पुढच्या गावात भरायची, पाव होईपर्यंत थांबायचं नाही. कर्द्याला राहणार असाल तर दापोली वाटेत लागत नाही, त्यामुळे श्रीवर्धनला टाकी पूर्ण करा. सीएनजीच्या भरवशावर या रस्त्याला येऊ नये.

हर्णै बंदरावर माशांचा लिलाव संध्याकाळी चारनंतर रंगतो, सकाळीही असतो. तिसऱ्या दिवशी वेश्वीला साडेबाराला उतरलात तर केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि साडेचारपर्यंत हर्णै जमतं. वाळूत गाडी नेऊ नका, वर लावा. लिलावात मोठे ढीग जातात. घरापुरतं हवं असेल तर बाजूला बसलेल्या कोळणींकडून घ्या आणि मुक्कामाच्या ठिकाणी शिजवून देतात का ते आधी विचारा. समोर पाण्यात दिसतो तो सुवर्णदुर्ग. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक. तुमच्या वाटेवर त्यातला दुसरा म्हणजे अलिबागजवळचा खांदेरी, पण तिथे थळहून होडीने जावं लागतं, बाबांसाठी नाही.

वेळासची कासवं डिसेंबरात दिसणार नाहीत, पिल्लं समुद्रात सोडतात ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल.

पाचव्या दिवशी जयगडचा किल्ला झाला की मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, अर्धा तास द्या. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला निवळीवरून जाऊ नका, आरे-वारेनेच. रत्नागिरीत वेळ उरला तर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा राजा थिबा इथे नजरकैदेत होता, १९१६ मध्ये इथेच वारला.

---

ॲप_नको_आजोबा_हवेत

गाडीबद्दल दोन ओळी. किनाऱ्यावर, म्हणजे पुळणीवर, गाडी घालू नका. वरून घट्ट दिसणारी ओली वाळू खाली पोकळ असते आणि भरती कुणाची वाट बघत नाही. चाक रुतलंच तर ॲक्सिलरेटर दाबत बसायचं नाही, त्याने गाडी पोटावर बसते. सगळ्यांनी उतरा, चाकापुढची वाळू हाताने काढा, टायरमधली हवा १५-१८ पीएसआयपर्यंत कमी करा, चाकाखाली गाडीतले रबरी मॅट घाला आणि सरळ स्टिअरिंगने हळूच बाहेर या. मग जवळच्या पंक्चरवाल्याकडे हवा पूर्ण भरा, कमी हवेवर घाट चढू नका. म्हणून पायाने चालणारा पंप बरोबर असावा, शिवाय स्टेपनीची हवा निघण्याआधी तपासा.

अंधार पडल्यावर चालवणं टाळा. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो. रस्त्याला दिवे नसतात, गुरं बसलेली असतात आणि डांबराची कड कधी कधी अर्धा फूट खाली गेलेली असते. समोरच्याला जागा द्यायला डावं चाक त्या कडेवरून उतरलं की खालचा भाग आपटतो. घाटात चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि आंधळ्या वळणावर हॉर्न.

परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. जेट्टीवर उडालेलं खारं पाणी चाकांच्या कमानीत आणि सायलेन्सरवर बसून राहतं.

---

माडबन

शेवटचा दिवस रविवार येतोय, त्यामुळे सरळच दिशा. पण रविवारचा महामार्ग टाळायला रत्नागिरीहून पहाटे सहाला निघतो. चौथा मुक्काम हेदवीला केला. दाभोळच्या जेट्टीला सकाळी आठ, तवसाळला पावणेआठ असं धरलंय. एकच शंका : कर्द्याहून दाभोळला बुरोंडी, कोळथरेवरून येऊ की दापोलीवरून?

---

खाडीपलीकडे

बुरोंडी-कोळथरे. समुद्र अधूनमधून साथ देतो. पण त्या रस्त्याला दीड तास धरा, म्हणजे साडेसहाला कर्दे सोडा. ते जमणार नसेल तर दाभोळच्या चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ आणि शाही मशीद आधी बघून घ्या आणि ओहोटी उलटल्यावर बारानंतरची फेरी पकडा. हेदवीची वेळ मग घट्ट होते, गुहागरला जेवण चुकेल. वडापाव बांधून घ्या.